जुनी आवाजाची चिप, नवा आर्डुइनो बोर्ड आणि भागाकारातली बाकी



आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या संगणकांत बसवलेली एक आवाजाची चिप आजच्या आर्डुइनो उनो बोर्डाला कशी जोडायची, आणि तिच्यातून पाचवीच्या लेकरांना भागाकार, स्थानिक किंमत आणि व्यस्त प्रमाण कानांनी कसं ऐकवायचं, ते इथे सांगणार आहे. यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही. मीसुद्धा डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षकच आहे. सोळाने भागता आलं आणि वायर मोजून लावता आल्या की काम होतं.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, मोबाईलवर सगळं वाजतंय की. ही जुनी चिप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मोबाईलवर वाजतं ते आधी कुणीतरी गाऊन, वाजवून साठवलेलं असतं. लेकरू बटण दाबतं, गाणं ऐकतं, आणि आवाज कुठून येतो ते झाकलेलंच राहतं. दारावरच्या बेलमध्ये तीन पायांची एक संगीत चिप असते, तिचंही तसंच. एकच धून कारखान्यात भरलेली, वीज मिळाली की तीच वाजवायची. मी म्हणतोय त्या चिपमध्ये मात्र एकही गाणं साठवलेलं नाही. तिला आकडा द्यावा लागतो. आकडा बरोबर तर सूर बरोबर, आकडा चुकला तर सूर चुकला, आणि तो सगळ्या वर्गाला तिथल्या तिथे ऐकू येतो.

या चिपचं नाव एसएन ७६४८९. बनवणारी कंपनी अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. दोन्ही बाजूंना आठ-आठ असे सोळा पाय. आत तीन सूर आणि एक खरखर, म्हणजे एका वेळी चार आवाज काढणारी. कोलेकोव्हिजन नावाच्या खेळयंत्रात ती होती, सेगाच्या जुन्या खेळयंत्रांतही तिचाच वंश चालला. आपल्याला जवळची गोष्ट अशी, की ती इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो या संगणकात होती, आणि हा संगणक आपल्या देशातल्या सरकारी योजनेतून शाळांपर्यंत आला होता. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. शालेय मुलांना संगणकाची ओळख करून द्यायची हा हेतू. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रं बसवली गेली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने या यंत्राची भारतात निर्मितीही केली. म्हणजे भारतातल्या शाळकरी पोरांनी संगणकातून पहिल्यांदा जो सूर काढला, तो बहुतेक याच चिपमधून निघाला असणार. आज ती यंत्रं कुठल्या अडगळीत आहेत कोण जाणे. चिप मात्र जुन्या बोर्डांवरून काढलेली, ऑनलाइन मागवता येते.

मागवताना शेवटचे आकडे नीट वाचा. आपल्याला ७६४८९ हवी. तिच्यामागे 'एएन' ही अक्षरं असली की झालं. ७६४९६ चालते, तिला फक्त नवव्या पायावर बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय जास्त आहे. पण ७६४९४ घेऊ नका. तिला अर्ध्या मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं, आपण देणार आहोत चारचं. वरचं नाव खोडून नवं छापलेल्या बनावट चिपाही बाजारात फिरतात, म्हणून एकाऐवजी दोन मागवलेल्या बऱ्या. बाकी सामान साधं आहे : उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड, वायर, दोन कपॅसिटर आणि वायरची पिन घालता येते असा एखादा जुना स्पीकर. कपॅसिटर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीतून सगळंच आणता येईल. ज्या हायस्कूलमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे उनो बोर्ड बहुधा असतोच. ती योजना सहावी ते बारावीची, आपल्या प्राथमिक शाळांना नाही, पण शेजारच्या हायस्कूलमधून एका दिवसासाठी बोर्ड मागून आणायला काय हरकत आहे?

चिपच्या पोटात काय चालतं

लेझीम बसवताना आपण आकडे मोजतो ना, 'एक दोन तीन चार' झालं की हात वर, पुन्हा चार मोजले की हात खाली? चिप अगदी हेच करते, फक्त तिचं मोजणं आपल्या आवाक्याबाहेर जलद. तिला बाहेरून सेकंदाला ४० लाख ठोके देणारं घड्याळ लागतं. आत गेल्यावर ती आधी त्याचे सोळाने भाग करते, म्हणजे राहिले सेकंदाला अडीच लाख. आता आपण तिला एक आकडा देतो, समजा ४७८. ती ४७८ ठोके मोजते आणि वीज वर करते, पुन्हा ४७८ मोजते आणि खाली करते. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक कंपन. अडीच लाखाला ४७८ च्या दुपटीने भागा, उत्तर येतं सेकंदाला साधारण २६१.५ कंपनं. पेटीवरची पांढरी एक, म्हणजे आपण ज्याला सा धरू तो सूर.

सोपं सूत्र असं : १,२५,००० भागिले आपला आकडा म्हणजे कंपनसंख्या. आकडा मोठा तर सूर खालचा, आकडा लहान तर सूर वरचा. व्यस्त प्रमाण शिकवताना 'माणसे वाढली की दिवस कमी' हे उदाहरण आपण वर्षानुवर्षं देतो. त्याच्या जोडीला हे द्या.

पांढरी एकचे सगळे सूर काढून ठेवलेत, वहीत लिहून घ्या : सा ४७८, रे ४२६, ग ३७९, म ३५८, प ३१९, ध २८४, नी २५३ आणि वरचा सा २३९. आता हे आकडे मुलांना नुसते बघायला सांगा. ४७८ आणि २३९ यांत काय नातं आहे? बरोबर निम्मं. वरचा सा खालच्या साच्या दुप्पट कंपनांचा असतो, म्हणून आकडा निम्मा. आणि ३१९? ४७८ चे दोन तृतीयांश काढून बघा, ३१८.६७ येतात, म्हणजे जवळजवळ तेच. सा-प ची जोडी कानाला गोड का लागते याचं उत्तर एका अपूर्णांकात आहे, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात एवढ्या सरळ दिसलं नाही.

खूप वरच्या सुरांत मात्र ही चिप बेसूर होते, आणि तेही शिकवण्यासारखं आहे. आकडा १००० वरून १००१ केला तर १२५.० ची १२४.९ कंपनं होतात, फरक कानाला कळतच नाही. पण ३० वरून ३१ केला तर ४१६७ वरून एकदम ४०३२. मधला सूर हवा असेल तर साडेतीस द्यायला पाहिजे, आणि चिपला पूर्णांकच कळतात. अपूर्णांकाची गरज कुठे पडते ते इथे ऐकू येतं.

वायर कुठली कुठे

चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय पहिला. डावीकडून खाली आठपर्यंत मोजायचं आणि मग उजवीकडे खालून वर नऊ ते सोळा. सोळाव्या पायाला उनोचे ५ व्होल्ट, आठव्याला ग्राउंड. या दोघांमध्ये, चिपच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सहावा पाय म्हणजे 'मी तुझ्याशीच बोलतोय' हे चिपला सांगणारा पाय, तो कायमचा ग्राउंडला जोडून टाका, कारण आपल्याकडे दुसरी चिप नाहीच. चौथा आणि नववा मोकळा सोडा.

आता आकडा पोहोचवणाऱ्या आठ वायरी. त्यांच्या स्थानिक किमती एकक, दशक, शतक अशा नाहीत. १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशा, प्रत्येक आधीच्या दुप्पट. उनोचे २ ते ९ हे पाय ओळीने घ्या आणि चिपच्या १०, ११, १२, १३, १५, १, २, ३ या पायांना याच क्रमाने जोडा. मधला चौदावा पाय सुटलाय ते लक्षात ठेवा, तो घड्याळाचा आहे. दहाव्या पायाची किंमत १, तिसऱ्याची १२८.

इथे एक खोच आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात या वायरींना शून्यापासून सातपर्यंत क्रमांक दिलेत, पण उलटे. आज सगळीकडे शून्य क्रमांक म्हणजे सगळ्यात लहान किंमत. त्या पत्रकात शून्य क्रमांकाची वायर १२८ ची आहे. आपण एककापासून मोजतो, त्यांनी डावीकडून मोजलं, एवढाच फरक. पण वायरी त्या क्रमाने लावल्या तर चिपला १४२ ऐवजी ११३ दिसतात आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. 'अंक तेच, जागा बदलली की किंमत बदलते' हे वाक्य आपण तिसरीपासून सांगतो. इथे लेकरांना मुद्दाम उलट्या वायरी लावून दाखवता येतात. वर्गात याहून चांगला पुरावा सापडणं अवघड.

उनोचा दहावा पाय चिपच्या पाचव्याला. हा 'आता वाच' म्हणणारा पाय, आणि तो खाली ओढला, म्हणजे शून्य व्होल्टवर आणला की चिप वाचते. उनोचा अकरावा चिपच्या चौदाव्याला, हे घड्याळ. उनोचं स्वतःचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं असतं. त्याच्यातल्या दोन क्रमांकाच्या टायमरला 'दर दोन ठोक्यांनी अकरावा पाय उलटा कर' असं सांगितलं की पूर्ण आवर्तन चार ठोक्यांत होतं, आणि १६ चे ४ मेगाहर्ट्झ मिळतात. टायमरच्या नोंदीत मात्र दोन न लिहिता एक लिहायचा, कारण तो शून्यापासून मोजतो. आर्डुइनोची 'टोन' ही तयार आज्ञा हाच टायमर वापरते, म्हणून या प्रोग्राममध्ये ती घेऊ नका. टायमरचं झंझट नको असेल तर ४ मेगाहर्ट्झचा चार पायांचा ऑसिलेटर मिळतो. दोन पायांचा साधा क्रिस्टल इथे चालत नाही, त्याला हलवणारी यंत्रणा या चिपमध्ये नाही.

राहिला सातवा पाय, आवाज बाहेर काढणारा. तिथून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून, त्याची अधिक बाजू चिपकडे ठेवून, दुसऱ्या टोकाची वायर अँप्लिफायर असलेल्या स्पीकरला द्या. स्पीकरचं ग्राउंड आणि उनोचं ग्राउंड एक करायला विसरू नका. नुसता स्पीकर थेट पायाला लावू नये, चिपची तेवढी ताकद नाही. वीज यूएसबीवरून पुरते, त्यामुळे लाईट गेली तरी पॉवर बँकवर तास होतो. आपल्याकडे ही सोय लागतेच.

आकडा दोन हप्त्यांत

आता या सगळ्याचा गाभा. वायरी आठ, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त २५५ पाठवता येतात. आपला सा ४७८ आहे. मग काय करायचं? आकडा दोन हप्त्यांत पाठवायचा. ४७८ ला १६ ने भागा. भागाकार २९, बाकी १४. पहिल्या हप्त्यात बाकी जाते, दुसऱ्यात भागाकार.

पण चिपला कसं कळणार की पहिला हप्ता कुठला आणि तो कोणत्या सुरासाठी? त्यासाठी पहिल्या हप्त्यात पत्ता मिसळतात. पहिल्या सुराचा पत्ता १२८, दुसऱ्याचा १६०, तिसऱ्याचा १९२. म्हणून सा पहिल्या सुरावर वाजवायचा तर १२८ अधिक १४ म्हणजे १४२ पाठवा, आणि मग नुसते २९. १२८ ची वायर चालू असली की चिप समजते, नवा पत्ता आला. बंद असली की समजते, मागच्याच पत्त्यावरचा उरलेला माल. दुसऱ्या हप्त्यात ६३ पेक्षा मोठा भागाकार मावत नाही, म्हणून सगळ्यात मोठा आकडा ६३ गुणिले १६ अधिक १५, म्हणजे १०२३. त्याच्या खालचा सूर ही चिप काढू शकत नाही.

भागाकारातली बाकी म्हणजे उरलंसुरलं, उत्तराच्या खाली कोपऱ्यात लिहायची आणि विसरायची गोष्ट, असं आपल्या बहुतेक लेकरांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पेपरात बाकी लिहिली नाही तर अर्धा गुण जातो, त्यापलीकडे तिचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं. बाकी १४ ऐवजी शून्य पाठवली तर चिपला ४६४ मिळतात, आणि २६१.५ च्या जागी २६९.४ कंपनं होतात. सा आणि कोमल रे यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी. प्रार्थना रोज म्हणणाऱ्या मुलांना हे कळायला संगीताचा क्लास लागत नाही, ती लगेच तोंड वाकडं करतात. म्हणून भागाकार तेवढा पाठवून आधी वाजवा, मग बाकीसकट वाजवा. दोन्हींतला फरक ज्याने ऐकला त्याला बाकी कशाला लिहायची हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आवाज लहान-मोठा करायचे पत्ते वेगळे : पहिल्या सुराचा १४४, दुसऱ्याचा १७६, तिसऱ्याचा २०८, खरखरीचा २४०. त्यात ० ते १५ मिळवायचे. आणि इथेही उलटं : ० म्हणजे पूर्ण मोठा, १५ म्हणजे बंद. नळाची तोटी किती आवळली, असा विचार केला की सोपं जातं. तोटीच्या प्रत्येक पायरीला आवाज २ डेसिबलने उतरतो. म्हणून १४४ म्हणजे पहिला सूर पूर्ण उघडा, १५९ म्हणजे पूर्ण बंद.

चिपला वीज मिळाली की ती काहीही मनाला येईल ते मोठ्याने ओरडायला लागते. तोट्या उघड्याच असतात ना! म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच १५९, १९१, २२३ आणि २५५ हे चार आकडे पाठवून चारही तोट्या बंद करा. प्रोग्राम सुरू व्हायलाही क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात किंकाळी निघतेच, म्हणून स्पीकरचा आवाज आधी कमी ठेवलेला बरा. शेजारच्या वर्गाशी संबंध टिकवायचे असतात.

प्रत्येक आकडा पाठवायची पद्धत एकच. आठ वायरींवर आकडा मांडा, पाचवा पाय खाली ओढा, थोडं थांबा, वर सोडा. थोडं म्हणजे किती? ही चिप एक आकडा गिळायला ३२ ठोके घेते, म्हणजे ४ मेगाहर्ट्झला ८ मायक्रोसेकंद. आपण १५-२० थांबायचं. उनोच्या मानाने हा फार वेळ आहे, तेवढ्यात त्याचे शेकडो ठोके होतात. बीबीसी मायक्रोच्या काळातही ही अडचण होतीच. त्याचा मुख्य प्रोसेसर अवघा २ मेगाहर्ट्झचा, तरी चिप त्याच्याही मागे पडायची, म्हणून ती मुख्य वाटेवर न ठेवता एका मधल्या चिपच्या मार्फत, वेगळ्या संथ वाटेवर जोडली होती. आपला उनो आज त्याच मधल्याचं काम करतो.

संबळ आणि तंबोरा

चौथा आवाज खरखरीचा, आणि पोरांना सगळ्यात जास्त तोच आवडतो. २२८ पाठवलं की बारीक खरखर, २२९ आणि २३० ला ती जाड होत जाते. २४० ने तोटी उघडून, दर १० मिलिसेकंदांनी एकेक पायरी आवळत २५५ पर्यंत नेली की 'धप' असा ठोका निघतो. चिपला स्वतःहून आवाज विरवता येत नाही, प्रत्येक पायरी आपणच पाठवावी लागते. बीबीसी मायक्रोत हेच काम संगणक सेकंदाला शंभर वेळा करायचा. आता तुळजापूरच्या संबळाचे दोन आवाज आठवा, एक बारीक, एक जाड. बारीकासाठी २२८, जाडासाठी २३०. आपल्या जिल्ह्यात संबळ न ऐकलेलं लेकरू सापडायचं नाही, म्हणून ठेका कसा बसवायचा हे त्यांनाच विचारा. हा खरा संबळ नव्हे, एखाद्या गोंधळ्याने ऐकलं तर हसेल. पण दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजायला पोरं आपणहून घड्याळ मागतात.

तीन सूर एकदम वाजवून तंबोराही करता येतो. खालचा सा ९५६, खालचा प ६३८ आणि मधला सा ४७८. भागाकार करून बघा : ९५६ चे ५९ आणि बाकी १२, ६३८ चे ३९ आणि बाकी १४, ४७८ चे २९ आणि बाकी १४. तिन्ही आकडे तीन गटांना वाटून द्या, प्रत्येक गटाने आपली बाकी आपल्या पत्त्यात मिळवायची. पहिला गट १४० आणि ५९, दुसरा १७४ आणि ३९, तिसरा २०६ आणि २९. तोट्या अर्ध्या उघडायला १५०, १८२, २१४. तिन्ही गटांचं उत्तर बरोबर आलं तर सा-प-सा एकजीव लागतो. एकाचं चुकलं तर कुठला गट चुकला तेही ऐकूनच ओळखता येतं, म्हणून मी आधी उत्तरं फळ्यावर लिहीत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रोग्राम संपला तरी चिप शेवटचा सूर धरूनच बसते, तिला पुढचा आकडा येईपर्यंत थांबायचं माहीत नाही. तास संपताना १५९, १९१, २२३, २५५ पाठवायला एका मुलाला नेमून ठेवा, नाहीतर पुढच्या सरांची हजेरी त्याच तंबोऱ्यावर होते.